रशीदची दोरी

नसरीनचा फोन आला तेव्हा मी पुंडलिकनगरातल्या घरी दाढी करत होतो. "चाचा, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. अर्ध्या दाढीनिशीच उस्मानपुऱ्याला पोचलो. रशीद असता तर त्यावरून त्यानं महिनाभर तरी मला छळलं असतं.

रशीदचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, पण त्याचा खरा जीव बकरीदनंतरच्या वाळवणात. मटणाच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, चाकाच्या जुन्या तारा घासूनपुसून त्यांचे आकडे करायचे आणि गच्चीतल्या दोरीवर सगळं टांगायचं. मग हा खुर्ची टाकून राखणीला. कावळा आला की बसल्याबसल्या पंपानं हवा सोडायचा. एकही कावळा कधी घाबरला नाही.

आमचं भांडण चरबीवरून. मी करमाडच्या धनगराचा मुलगा. वाळवायच्या मटणाला चरबी ठेवू नये, हे आईनं शिकवलेलं. रशीदला मात्र कडेला चरबीची पांढरी रेघ हवीच. तव्यावर ती सुटली की तेल लागत नाही, कांदा तिच्यातच परतायचा, भाकरीनं तीच पुसून घ्यायची... शेवटी दोन दोऱ्या बांधल्या, एक त्याची, एक माझी. तीसेक वर्षं हेच चाललं. एकदा त्याचं वाळवण इतकं खवट झालं की मांजरानंही तोंड फिरवलं. हा पठ्ठ्या शांतपणे चावत म्हणाला, "खवट नाय रे, मुरलंय." आणि सगळं संपवलंही.

यंदा तो गेल्यावर बारा दिवसांनी बकरीद आली. नसरीन म्हणाली, या वर्षी वाळवण राहू द्या, फ्रीज आहे की. मला ते सहन होईना. ती दोरी रिकामी दिसली असती तर रशीद खरोखरच गेला असता. मीच सुरी घेऊन बसलो. माझी दोरी पटकन भरली. त्याच्या वाट्याशी हात अडखळला... मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि चरबी ठेवली.

परवा त्याचा चाळिसावा झाला. काल नसरीननं रशीदच्या दोरीवरचं तळून माझ्यापुढं ठेवलं. पहिल्याच घासाला कळलं, आईचं बरोबर होतं. नसरीन माझ्या तोंडाकडं बघत होती.

"चाचा, खवट झालं का?"

"नाय गं," मी म्हणालो, "मुरलंय."

आणि ताटलीतली चरबी भाकरीनं पुसून घेतली.