एका काडीचा गुणाजी

निडी गावात गुणाजीला नुसतं गुणाजी कोणी म्हणत नाही. एका काडीचा गुणाजी म्हणतात. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आधी भाजावी लागते. त्यासाठी शेण, पाला, पेंढा रचून राब पेटवतात. बाकीच्यांच्या काड्यापेट्या रिकाम्या होतात, गुणाजीचा राब पहिल्या काडीला भडकतो. वीस वर्षं हा मान त्याचा, आणि मिरवतोही असा की नवरदेवानं लाजावं. पेंढ्याखाली तो खताच्या गोणीतलं प्लास्टिक दडवतो, हे फक्त त्याच्या बायकोला, विमलबाईला ठाऊक. तिने कधी तोंड उघडलं नाही. उघडलं त्यानेच.

झालं असं, की रोह्याच्या एका शिक्षिकेची लेक स्पृहा उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात महिनाभर बोटीवर राहून, हवा आणि बर्फ तपासून आली. निडी तिचं आजोळ. चैत्रात देवळासमोर तिने गावाला सगळं सांगितलं.

"प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात रसायनं घालतात. ती त्याला घट्ट धरून राहत नाहीत. जाळलं की हवेत उडतात, वाऱ्याबरोबर टप्पे घेत थंड मुलखात पोचतात आणि बर्फावर बसतात. काही नदीतून समुद्रात जातात. माणसाची वस्ती नाही, तिथल्या हवेतही आम्हाला ती सापडली."

गुणाजीची उभ्या जन्माची मजल पनवेलपर्यंत. त्याला राहवेना. तो ताडकन उठला.

"म्हंजे बाय, माझ्या राबाचा धूर पण तिथवर गेला असंल! वीस वर्षं गोणीचं प्लास्टिक घालतोय मी!"

"तुमचाच असं नाही सांगता येणार, काका. सगळ्या जगाचा मिळून," स्पृहा म्हणाली.

पण ऐकतो कोण? गुणाजी मांडीवर थाप मारून हसत होता. मग शेजारचा अमोल ओरडला, "एक काडी नि एक गोण!" आणि सगळं अंगण लोटपोट झालं. विमलबाईने तर तोंडात पदरच कोंबला.

आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कुठे गुणाजीला उमगलं. कान लाल झाले, तरी हसू काही आवरेना. हसता हसताच त्याने विचारलं, "तिकडं मासं असतील ना गो?"

"असतात. त्यांच्या अंगातही ही रसायनं जातात."

तो खाली बसला. "मी उगाच खूश झालो," म्हणाला.

यंदा राबाभोवती सगळा गाव जमला. पेंढ्याखाली काही नाही, हे अमोलने हात घालून बघितलं. पहिली काडी विझली. दुसरी विझली. पोरंटोरं मोठ्याने मोजू लागली, बायका टाळ्या पिटू लागल्या. नवव्या काडीला गुणाजीच स्वतःवर इतका हसला की त्या फुंकरीने ती विझली. सतराव्या काडीला मात्र पाला तडतडला, आणि जाळ हळूहळू वर चढला.

"गेलं माझं नाव," तो विमलबाईला म्हणाला.

"अवो, जाऊं द्या," ती म्हणाली. "आज पयल्यांदा राब तुमी पेटवलाव."

गुणाजीला इतका आनंद झाला की विझलेल्या सोळा काड्या त्याने मोजून खिशात घातल्या.