चष्मेवाल्याची कोरी काच

स्वेतोझार इल्किच यांनी सोंबोर शहरात एकेचाळीस वर्षे चष्मे केले. नगरपालिकेच्या मागच्या गल्लीत, बोजोश नावाच्या इथल्या एका जुन्या झाडाखाली त्यांचे दुकान होते. तिथे एक उंच खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि मखमल लावलेल्या खाचांच्या पेटीत ओळीने मांडलेली भिंगे असत. मी या शहरात स्थायिक झालो त्या वर्षी माझ्या नाकावरचा पहिला चष्मा त्यांनीच बसवला. पुढे आम्ही शेजारी झालो, आणि त्यालाही आता तीन दशके होत आली.

या व्यवसायात एक विनय अंगभूत असतो, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटत आले आहे. तुमचे डोळे अधू आहेत, असे चष्मेवाला कधी म्हणत नाही. तो एक भिंग काढतो, दुसरे घालतो आणि विचारतो, “असं स्पष्ट, की असं?” निर्णय सर्वस्वी खुर्चीतल्या माणसाचा. भिंग बसवून झाले की स्वेतोझार खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहत आणि तिथूनच हा प्रश्न विचारीत. मी एकदा कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, लोक तक्त्याकडे पाहत नाहीत, चष्मेवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि त्याला जे आवडेल ते सांगतात. त्यांच्या पेटीत शेवटच्या खाचेत एक कोरी काच होती. तिला नंबर नव्हता. साध्या खिडकीच्या काचेसारखी ती होती. गिऱ्हाईक नुसते होकार देत आहे अशी शंका आली की स्वेतोझार ती काच बसवीत. “वा, आता किती छान दिसतंय,” असे उत्तर आले की तोवरची सारी तपासणी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

संस्कृतात दाक्षिण्य म्हणून एक सुंदर शब्द आहे. दुसऱ्याचे मन मोडू न शकणाऱ्या हळुवारपणाला तो दिलेला आहे. सद्गुणांमध्ये त्याची गणना होते, आणि ती योग्यच आहे. पण या गुणाला एक गाठ असते, ती दोघांनाही बांधते आणि दोघांपैकी कुणालाच ती सोडवता येत नाही, हे मला गेल्या हिवाळ्यात स्वेतोझार यांच्या स्वयंपाकघरात बसून उमगले.

दुकान बंद केल्यावर त्यांच्या स्वतःच्याच दृष्टीच्या मधोमध एक धुरकट ठिपका वाढू लागला. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. त्या दिवसांत ते इंटरनेटवरच्या ‘चार्दाक’ नावाच्या एका मंडळात लिहू लागले. चार्दाक म्हणजे माडी. देशभरातली हौशी लिहिणारी माणसे तिथे आपले लेखन मांडतात आणि एकमेकांचे वाचतात. स्वेतोझार आपल्या जुन्या गिऱ्हाइकांवर चार-चार ओळींची टिपणे लिहीत. पडद्यावरचे वाचवत नसे म्हणून आवडलेले लेखन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणीत आणि डोके तिरके करून कडेच्या नजरेने वाचीत.

चार्दाकचे शिष्टाचार कडक होते. वाचकाने अभिप्राय दिला की लेखकाने आधी आभार मानायचे, मग प्रत्येक मुद्द्याखाली ‘स्वीकारले’ किंवा ‘स्वीकारले नाही’ असे कारणासह लिहायचे. दुरुस्ती जागच्या जागीच करायची. नव्या मजकुराखाली जुना कायमचा नाहीसा होई. आणि नवागताच्या पहिल्या लेखनावर जो पहिला शब्द बोलेल तो त्या लेखकाचा कूम.

इथे कूम कुणाला म्हणतात हे ज्याने इथल्या लग्नात जेवण केले आहे त्याला सांगावे लागत नाही. लग्नात जो साक्षीला उभा राहतो, लेकराला जो नाव देतो, तो कूम; नाते दोन्हीकडचे, समोरची बाई असेल तर ती कुमा. रक्ताच्या भावाशी अबोला धरता येतो, कुमाशी नाही. हे नाते मागितले तर नाकारायचे नसते, आणि एकदा लागले की सोडायचे नसते. चार्दाकवर हा शब्द कुणीतरी प्रथम गमतीने वापरला असेल. पण या लोकांना या शब्दाची गंमत फार काळ करता येत नाही. वर्षा-दोन वर्षांत तिथे रीतच पडली की कूम बोलल्याशिवाय त्या लेखकावर दुसऱ्या कुणी बोलायचे नाही, आणि कुमाने ‘तयार’ असे लिहिल्याशिवाय कथा वार्षिक संग्रहात घ्यायची नाही.

ऑक्टोबरात झागोर्का नावाच्या एका बाईंची कथा तिथे आली. नेगोतिनजवळच्या एका शाळेत त्या स्वयंपाक करीत. वय पन्नाशीच्या पुढचे. कथा त्यांच्या वडिलांची होती. धरण झाले तेव्हा त्यांचे गाव दानुब नदीच्या पाण्याखाली गेले. दर वर्षी घराच्या कुलदैवताच्या दिवशी वडील होडी घेऊन त्या जागेवर जात, दोरीला दगड बांधून खाली सोडीत आणि तो कशावर तरी टेकला की दोनदा उचलून आपटीत. छपरावर टकटक करीत. मग थोडा वेळ थांबून परत येत. कथेच्या मध्यभागी एक लांबलचक परिच्छेद होता: आईने घर सोडताना काय काय बाहेर काढले त्याची यादी. पीठ मळायची परात, दाराची बिजागरी, कांद्यांची वेणी, एका पायाचे स्टूल, असे करत पुरते पान भरले होते.

चार दिवस त्या कथेवर कुणी बोलले नाही. स्वेतोझारना दया आली. त्यांनी लिहिले: “स्वागत. कथा फार जिवंत आहे. आईच्या सामानाची यादी थोडी कमी केली तर होडी अधिक स्पष्ट दिसेल का?” पाच मिनिटांत खाली तिघांच्या ओळी उमटल्या: कूम मिळाला, शुभ होवो.

यागोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हे ऐकून कॉफीचे भांडे चुलीवरून उतरवले. “मिलानच्या लग्नात कूम झालास तेव्हा निदान भाजलेलं डुक्कर तरी मिळालं होतं,” त्या मला ऐकवीत म्हणाल्या. “हा फुकटचा कूम.”

झागोर्काबाईंनी आभार मानले, यादी निम्मी केली. स्वेतोझारनी पुन्हा वाचले, पुन्हा एक नम्र प्रश्न. पुन्हा आभार, पुन्हा ‘स्वीकारले’. नाताळपर्यंत यादी गेली. जानेवारीत वडिलांचे बोलणे कमी झाले, फेब्रुवारीत शेवट हलला. प्रत्येक खेपेला स्वेतोझार विचारीत, असे की तसे, आणि प्रत्येक खेपेला बाईंना त्यांनी सुचवलेलेच अधिक स्पष्ट दिसे. ‘स्वीकारले नाही’ हे शब्द त्या पानावर एकदाही उमटले नाहीत. बाकीच्या सभासदांना हे आदर्श कूमत्व वाटले. संपादक चेदोमिर, वाल्येवोचे निवृत्त भूगोल-शिक्षक, यांनी तर नव्या सभासदांना हे पान उदाहरण म्हणून वाचायला सांगितले.

कथेचा सतरावा पाठ, म्हणजे सतरावे रूप, छापून आणला त्या दिवशी स्वेतोझारनी मला बोलावले. त्यांचे डोळे थकले होते. मी मोठ्याने वाचावे असे त्यांना हवे होते. टेबलावर यागोदाबाई दर शरदात करतात त्या फळांच्या गराच्या घट्ट वड्या होत्या, आणि दोन कागद होते: पहिला पाठ आणि सतरावा. पहिला आता जगात फक्त या टेबलावर होता.

मी दोन्ही वाचले. सतराव्यात एकही शब्द चुकलेला नव्हता. होडी होती, पाणी होते, दोरी होती. सगळे धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ. आणि वडील कुठेच नव्हते. पहिल्यात यादी वाचता वाचता माझा आवाज दोनदा अडखळला. यागोदाबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

स्वेतोझारनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. मग म्हणाले की हे आपल्याला तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी कोरी काच लावून पाहिली होती. पाण्याविषयीचे एक वाक्य असे असे करावे, असे त्यांनी सुचवले होते, आणि ते वाक्य अक्षरशः बाईंचेच होते, आधीपासून तिथे असलेले. उत्तर आले ते त्यांनी मला पाठ म्हणून दाखवले.

“‘मनापासून आभार, कूम. बदल केला. आता किती स्पष्ट झालं.’”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“काय सांगू, शेजारी? सोळा वेळा मी चुकलो आणि सोळा वेळा तुम्ही होकार दिलात, असं? त्या बाईचं लिहिलेलं आयुष्यात कुणी बसून वाचलेलं नाही. ती त्याचेही आभार मानील. आणि पहिली यादी परत घाला म्हणालो, तर घालील. मी म्हणालो म्हणून घालील. तो माझाच अठरावा पाठ होईल.”

मी सुचवले की कूमपण दुसऱ्या कुणाकडे सोपवावे. यागोदाबाई वळून म्हणाल्या, “शेजारी इतकी वर्षं आपल्यात राहिले, आणि असं बोलतात.” त्यांचे बरोबर होते.

संग्रहासाठी रविवारपर्यंत मुदत होती. ‘तयार’ लिहिले नाही तर झागोर्काबाईंचे वडील संग्रहात येणार नाहीत, आणि आपल्याच कुमाने आपल्याला दाराशी अडवले हे नेगोतिनपर्यंत सर्वांना दिसेल. लिहिले तर ते रिकामे पान छापले जाईल आणि मग तेच कायमचे त्या माणसाचे राहील. चेदोमिरनी दोनदा विचारणा केली होती. दुसऱ्या खेपेस, कूमसाहेब झोपले की काय, अशी कोपरखळीही होती. त्या आठवड्यात स्वेतोझार घराबाहेर पडले नाहीत. मी जाई तेव्हा ते टेबलाशी बसलेले असत आणि त्यांच्या बोटांत ती कोरी काच असे. दुकान आवरताना पेटीतून तेवढी एकच त्यांनी ठेवून घेतली होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला पत्र लिहून द्यायला बसवले. पत्र कागदावरच, वाहकाहाती पोचवण्याच्या जलद सेवेने जायचे होते, मंडळाच्या पानावर नाही. पाकिटात पहिला पाठ घातला, त्याच ठळक मोठ्या अक्षरांतला. मजकूर त्यांनी सांगितला तसा मी उतरवला:

“कुमा झागोर्का, हे तुमचं तुम्हाला परत. माझ्याकडे एवढी एकच प्रत होती. दुकानात मी नेहमी खुर्चीच्या मागे उभा राहायचो, माझा चेहरा दिसू नये म्हणून. तुमच्या बाबतीत विसरलो. आता मागे उभा आहे. हे स्पष्ट, की पानावरचं? मला सांगू नका. चेदोमिरना सांगा. आभार मानू नका.”

मग त्यांनी संगणक लावायला सांगितला आणि माझ्यादेखत पानावर एकच शब्द उमटवला: तयार. काय तयार, हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हते. कुणाला नाव द्यावे आणि पाळण्यात कोण आहे हे पाहू नये, तसे ते होते.

त्या पानावर शुक्रवारी काही आले नाही. शनिवारी नाही. रविवारी संध्याकाळी मुदत संपली, तरी आभाराची ओळ उमटली नाही. कुमाने ‘तयार’ म्हटले आणि लेखिकेने आभार मानले नाहीत, असे चार्दाकवर पूर्वी झाले नव्हते. दोघा-तिघांनी आडून नापसंती व्यक्त केली. एकाने लिहिले की नेगोतिनकडची हवा जरा उद्धट दिसते. स्वेतोझारना उत्तर देता आले असते. दिले असते तर पाकिटाची गोष्ट बाहेर आली असती. ते ऐकून घेत राहिले. आपल्यापायी त्या बाईंना बोल लागतो आहे हे त्यांना अधिक जड जात होते. रागावल्या असतील, ते मला म्हणाले. नाहीतर पत्र पोचलेच नसेल. आणि थोड्या वेळाने: नाहीतर पोचले आणि त्यांना पानावरचेच आवडले.

एप्रिलच्या अखेरीस संग्रह आला. यागोदाबाईंनी पाकीट सुरीने फाडले आणि पुस्तक माझ्या हातात दिले. स्वेतोझार भिंतीकडे तोंड करून बसले. मी पान काढले आणि वाचू लागलो. वडील होडी सोडतात. धुके आहे. मग: पीठ मळायची परात. दाराची बिजागरी. कांद्यांची वेणी. मी पुढे वाचत गेलो. यादी पुरती होती, किंबहुना तीन वस्तू वाढल्या होत्या, ज्या पहिल्या पाठातही नव्हत्या. सतरा पाठांतली स्वेतोझारची एकच सूचना शिल्लक होती, कुठल्याशा स्वल्पविरामाएवढी. ती सोडता सगळे बाईंचे होते.

स्वेतोझारनी त्या तीन वस्तू मला पुन्हा वाचायला लावल्या. मग पुन्हा एकदा.

“झालं,” यागोदाबाई म्हणाल्या. “सुटलास.”

“कुमाला सुटका असते का?” ते म्हणाले.

नव्हतीच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात झागोर्काबाईंची दुसरी कथा चार्दाकवर आली, आणि रीतीप्रमाणे सारे मंडळ कुमाच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत थांबले. मी ती त्यांना वाचून दाखवली. तिसऱ्या परिच्छेदात त्यांचे डोके किंचित हलले. तिथे त्यांना काहीतरी सुचले होते, हे मला दिसले. चांगलेच सुचले असणार. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

दोन दिवस त्यांनी तो तसाच धरला, असे यागोदाबाई सांगतात. वाट पाहणाऱ्यांनी चुळबूळ सुरू केली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि एक शब्द टंकायला सांगितला. मी टंकला: वाचलं.

त्याखाली ‘स्वीकारले’ लिहिण्यासारखे काही नव्हते. तासाभराने झागोर्काबाईंचे उत्तर आले. त्यात आभार नव्हते. त्यांनी लिहिले होते, “ठीक आहे, कूम. मागेच उभे राहा.” मग इतर माणसे एकेक करून बोलू लागली. कुणी एक परिच्छेद गाळायला सांगितला, आणि त्याखाली बाईंच्या हातून प्रथमच उमटले: “स्वीकारले नाही. कारण, ते माझ्या घरात होते.”

मी ते स्वेतोझारना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. हात अजून मांडीखालीच होता.