काकणांचा हात

काकणं किणकिणली, की मला आप्पांचा तो व्हिडिओ आठवतो. हिंडलग्याच्या घरी पुढच्या सोप्यात बसवून मी त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढत होतो. अंगठ्यावर बोट भराभर टेकवायचं होतं. त्यावरून डॉक्टरांकडचं एआय कंपवात किती वाढलाय ते सांगणार होतं. आप्पांना जमेना, तशी आई मध्येच सरकली. "असं करा की वो, लई सोपं हाय," म्हणत तिनं स्वतःचाच हात कॅमेऱ्यापुढं धरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "वडिलांचं ठीक चाललंय. पण एआयनं दुसराही हात तपासलाय. तो काकणांचा हात कुणाचा? त्यांना घेऊन या." आता सकाळी दोघं समोरासमोर बसून बोटांचा व्यायाम करतात. आईची काकणं अडखळली, की आप्पा आपला थरथरता हात पुढं करतात, "असं कर की गं, लई सोपं हाय."