छत्रीवर टांगलेला कोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. आज तुम्हाला सांगते.

मी ठाम बोलणारी बाई. देशभरचा शेअर बाजार चालवणाऱ्या कंपनीत, दिल्लीच्या ऑफिसात इंजिनिअर होते, आणि अर्धी नोकरी आवाजाच्या जोरावरच केली. बाजार तेव्हा नवा होता. ब्रोकरांच्या गच्च्यांवर आम्ही उपग्रहाच्या छत्र्या बसवायचो. मुंबईतले भाव त्यातून खाली स्क्रीनवर यायचे. छत्रीसमोर काही आडवं आलं, की सगळं बंद. हे मीच सगळ्यांना दटावून शिकवायचे.

पहाडगंजच्या एका ब्रोकरकडे स्क्रीनसमोर सौदे टाकायला सुहास बसायचा. छावणीत वाढलेला, मराठी फौजीचा मुलगा. वडील नुकतेच निवृत्त झालेले, घर त्याच्यावर — मला माहीत होतं. गच्चीवर तो मला ताई म्हणायचा, खाली मालकासमोर मॅडम.

त्या दिवशी तपासणी उरकून मी एकटीच गच्चीवर शेंगा खात बसले. थंडीतलं छान ऊन. अंगात कोट नको झाला, काढला, आणि — कुठे टांगला असेन? छत्रीच्या पुढच्या दांडीवर, बरोबर सिग्नल येतो तिथे. मी!

खाली स्क्रीन थिजली. भाव कोसळत होते आणि ब्रोकरला विकायचं होतं. सुहास धावत वर आला, कोट पाहिला, उचलून माझ्या हातात दिला.

आम्ही खाली गेलो तोवर भाव पार तळाला गेले होते. ब्रोकरने त्यालाच धारेवर धरलं — काय केलंस?

"मॅडम को पता है, मॅडम बताएंगी," तो म्हणाला. त्याला खात्री होती. का नसावी?

आणि मी सांगितलं. केबल सैल होती, तुमच्या माणसाने हात लावला असणार. आवाज जरासुद्धा कापला नाही. कशाला घाबरले होते मी? ऑफिसातली एकमेव बाई इंजिनिअर छत्रीवर कपडे वाळत घालते, म्हणून हसतील — एवढ्यालाच. नोकरी काही जाणार नव्हती माझी. त्याची गेली, तिथल्या तिथे.

त्याने डबा उचलला. दारात थांबला, आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणाला, "येतो, ताई."

कोट माझ्या हातातच होता. मी "ये" म्हटलं — तितक्याच ठाम आवाजात.