अंधुक नकाशा आणि आबांचे डोळे

वसमतच्या स्टँडवरून एसटी सुटली तेव्हा माझे वडील, आबा, हात हलवत होते, पण दुसऱ्याच खिडकीकडे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "कोन्त्या खिडकीत हायस गं? मला नुसतं पिवळं दिसून राहिलं," असं विचारत होते. पिवळी ओढणी माझी होती, तशी पुढच्या सीटवरच्या बाईचीही. मी हाका मारल्या, त्या इंजिनाच्या आवाजात बुडाल्या. शेवटी त्या बिचारीनंच हात हलवला आणि आबांचं समाधान झालं. नव्वदच्या दशकात वसमतजवळच्या हट्टा गावाहून जर्मनीला शिकायला निघालेली मी, अशी निरोपाशिवायच गेले.

तिकडे माझं काम प्रथिनाची रचना शोधायचं. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात, पण निम्मी माहिती वाटेतच हरवते. ती भरून काढायला आम्ही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून मिळालेला अंधुक नकाशा घ्यायचो. नुसता गोळा, ना नाक ना डोळे. तो स्फटिकात नेमक्या जागी बसला की त्याच्या आधारानं बारकावे दिसू लागतात. भलत्या जागी बसला तरी कॉम्प्युटर काहीतरी दाखवतोच, बहुधा आपल्याच मनातलं. माझा गोळा भलत्या जागीच बसला होता आणि कित्येक महिने मी त्यालाच खरं धरून होते. त्यापायी सुट्ट्या गेल्या, गावाकडची लग्नं गेली. माझ्यासारखे जे परदेशी गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेजाऱ्यांच्या फोनवर आबांना हे सांगितलं तर ते हसले. "आमी बी मानूस चालीवरूनच वळखून राहिलो. चुकलं तर पोरं सांगतेत. तुला तिथं कोन सांगतं?"

कुणीच नाही. फोन ठेवून मी रडले.

चूक उमगून रचना सुटेपर्यंत आबांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मी हट्ट्याला पोचले तेव्हा ते ओसरीवर हळकुंडं निवडत होते. मी समोर उभी, केस आखूड, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी स्वच्छ नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, "या बाई. कुनाकडं आलात?"

"आबा, मी हाय."

आवाज त्यांनी ओळखला, चेहरा काही त्याला जुळेना. बराच वेळ न्याहाळत राहिले. मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "हं, आता बोल."

मी बोलत राहिले. माझं घर आता तेवढंच उरलंय, त्या मिटलेल्या पापण्यांमागचं, एसटीच्या खिडकीतलं पिवळं. आणि तेही माझं नाही, पुढच्या सीटवरच्या त्या बाईचं आहे.