मास्तरांच्या पुस्तकांवरचं हळदकुंकू

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे बापाने होडीवर घातलं आणि जन्म आरोंद्याच्या खाडीत माणसं ने-आण करण्यात गेला. त्याची लाज मला कधी वाटली नाही. वाचता येणाऱ्यांनी काय केलं ते मी पाहिलंय.

गोवा सुटायच्या आधी आमच्या गावात एक ख्रिस्ती मास्तर होते. गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकवून म्हातारपणी एकटेच घरी परतलेले. गोव्याची हद्द बंद झाली, होडीला गिऱ्हाईक राहिलं नाही. तेव्हा ते होडीत येऊन बसत आणि युरोपातल्या एका जुन्या पंडिताची गोष्ट सांगत. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही. माणूस मात्र मनात बसला. आईबाप लवकर गेले, सांभाळणाऱ्यांनी मठात ढकलला. तिथून निघाला, अर्धपोटी गावोगाव हिंडला, मोठेपणी ग्रीक शिकला. धर्मग्रंथाच्या जुन्या प्रती शेजारी शेजारी ठेवून नकलणाऱ्यांच्या चुका काढल्या आणि ग्रंथ नव्याने छापला. पाद्री चिडले, पाद्र्यांविरुद्ध उठलेलेही चिडले. मेल्यावर त्याच्या पुस्तकांवर बंदी आली.

"तेचा म्हणणा इतक्याच," मास्तर म्हणत, "कोण सांगता म्हणान मानू नको. मूळ पुस्तक उघड आणि बघ."

"आणि माझ्यासारख्यान काय करूचा?"

"वाचणाऱ्याक इचार. सोडू नको तेका."

त्या पंडिताची पोर्तुगीजमधली पुस्तकं मास्तरांनी जन्मभर जमवली होती. मरताना ती गावच्या वाचनालयाला दिली. माझा हात धरून म्हणाले, "कोणीतरी उघडूक होयी रे." मी हो म्हटलं.

वाचनालयाने पुस्तकं वाजतगाजत नेली आणि कपाटाला कुलूप घातलं. दसऱ्याला तेवढी बाहेर काढून पाटावर रचायची. सरस्वतीपूजन, हळदकुंकू, झेंडू. पुजलेल्या पुस्तकाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत कपाटात. गावात पोर्तुगीज जाणणारे होते. एकानेही पुस्तक मागितलं नाही. मी दरवर्षी किल्ली मागायचो, म्हणायचो, कोणाला तरी वाचायला बसवतो.

"तुका वाचूक येता काय रे?" वाचनालयाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर हसले.

"माका नाय येत. तुमका येता मां? मगे तुमी वाचा."

"देवाची वस्तू ती. तुझी होडी न्हय, कोणीव येवन बसूक."

पुढे कपाटातून माती गळू लागली. वाळवी. पुठ्ठे तेवढे शाबूत. पुजलेली पुस्तकं टाकायची कशी, म्हणून समितीने खाडीत विसर्जन ठरवलं. अध्यक्ष माझ्याकडे होडी मागायला आले.

"एक शाबूत पान शोधा आणि माका वाचून दाखवा," मी म्हटलं. "मगे होडी सोडतंय."

"खुळो झालंस? मेलेल्या माणसाच्या पुस्तकांसाठी गावाशी वाकडो होतंस?"

"होतंय."

त्यांनी पलीकडच्या वाडीची होडी आणली. नारळ फोडला, पुस्तकं पाण्यात सोडली, सगळ्यांनी हात जोडले. मी समोरच्या धक्क्यावर उभा राहिलो. हात जोडले नाहीत.

रिकाम्या कपाटात आता मास्तरांचा फोटो आहे. दसऱ्याला त्याला हार पडतो. मास्तर सांगत होते ते काय, असं मी एकदा तिथे सगळ्यांना विचारलं.

"मोठो माणूस होतो," अध्यक्ष म्हणाले, आणि प्रसाद वाटायला लागले.