कानसेनांनी सांगितलेला आकडा

गॅरेजात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. निकाल सहसा चुकत नसे, म्हणून हा सगळा थाट खपून जायचा. पण गेल्या वर्षभरात बारीक आवाज त्यांना एकेक करून सोडून गेले होते. घरात फोन वाजून वाजून बंद पडायचा, बायको चिडायची, आणि हे "कामात होतो" म्हणून वेळ मारून न्यायचे. गॅरेजात धाकटा भाऊ भागीदार होता. त्याला तर त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. कान गेले म्हणजे आपणच संपलो, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

अशात एक टॅक्सीवाली आली. तिची गाडी सिग्नलला थांबली की गचके खाऊन बंद पडायची. कानसेनांनी मान तिरकी केली. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू आली.

"पेट्रोलचा पंप गेलाय," ते ठासून म्हणाले. "इंजिन उपाशी आहे."

धाकट्याने एव्हाना स्कॅनर जोडला होता. "उपाशी आहे खरं. फ्युएल ट्रिम अधिक बावीस दाखवतंय. म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर नेहमीपेक्षा बावीस टक्के जास्त पेट्रोल ओततोय." मग त्याने टॅक्सीवालीला अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं. आकडा उतरत उतरत तीनवर आला.

"पंप गेला असता तर आकडा चढला असता, दादा. हा उतरला. कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय. गाडी नुसती उभी असताना ती भारी पडते. इंजिन जोरात फिरायला लागलं, की ते स्वतःच एवढी हवा ओढतं, तिच्यापुढे ही किस झाड की पत्ती!"

चोरटी हवा म्हणजे 'सूं' असा बारीक आवाज. तोच पकडून तर कानसेनांनी नाव कमावलं होतं. आता तो नाकासमोर वाजत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

टॅक्सीवालीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. धाकट्याने इंजिनामागची रबरी नळी चाचपली, चीर सापडताच तिच्यावर अंगठा दाबला. "थांबला बघ आवाज. ऐकलंस ना?"

मान डोलवायला काय लागतं? वर्षभर तेच तर चाललं होतं. पण टॅक्सीवाली त्यांच्याकडेच बघत होती. त्यांच्या शब्दावर तिने मुकाट्याने पंप बदलला असता, आणि पुढच्या सिग्नलला तिची गाडी पुन्हा बंद पडली असती. कानसेनांना स्वतःची लाज वाटली.

"नाही," ते म्हणाले. "ऐकू येत नाही रे मला. बारीक काहीच येत नाही. वर्ष झालं."

धाकटा बघतच राहिला. टॅक्सीवाली उगाचच स्टिअरिंग पुसायला लागली. धाकट्याने मोकळ्या हाताने स्कॅनर पुढे केला.

"मग हे धर. अंगठा मी ठेवतो, आकडा तू सांग."

कानसेनांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. धाकट्याने अंगठा उचलला.

"बावीस!"

अंगठा पुन्हा नळीवर बसला.

"चार!" ते इतक्या जोरात ओरडले, की रस्त्यावरचे दोघं थबकले.

आणि दादाला नीट ऐकू जावं म्हणून धाकटाही तेवढ्याच जोरात ओरडला, "बरोबर, दादा!"